नालीची वाट मोकळी ठेवा

पावसाचे पाणी वाट मागते. वाट दिली तर ते गुमान निघून जाते. वाट अडवली तर ते घरात शिरते. ही गोष्ट शेतकऱ्याला नव्याने सांगायला नको. शेताच्या कडेची चारी गाळाने भरली, की पहिल्याच मोठ्या पावसात पाणी बांध फोडते. उभे पीक आडवे होते. म्हणून मिरगाच्या आधी आपण चारी उकरून ठेवतो.

शहरातही अशी चारी असते. रस्त्याच्या कडेने ती जाते. आपल्याकडे तिला नाली म्हणतात. या नालीची गोष्ट आम्ही आज सांगणार आहोत. गोष्ट नागपूरची आहे, पण ती गावालाही लागू पडते.

रामदासपेठ

रामदासपेठ ही नागपूरची जुनी वस्ती. सीताबर्डी आणि धंतोली यांच्या शेजारी ती आहे. तेथे दवाखाने पुष्कळ. खेड्यापाड्यांतून माणसे आजाऱ्याला घेऊन तेथे येतात. काही माणसे कामाला येतात. जुने बंगले पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहतात. तेथे विटा उचलायला, रेती चाळायला, गिट्टीची घमेली वाहायला खेड्यातलीच माणसे लागतात. तुमच्यापैकी कोणी असे काम केलेही असेल.

घर पाडले की मलबा निघतो. मलबा म्हणजे फुटक्या विटा, चुन्याचे पोपडे, सिमेंटचे तुकडे, माती, फरशीचे कपचे. पुण्यामुंबईकडे त्याला राडारोडा म्हणतात. नवे घर बांधताना रेती सांडते, सिमेंटचे पाणी वाहते. हे सारे कोठे जाते? नीट उचलले नाही तर ते नालीत जाते.

नालीतले पाणी कोठे जाते?

पुष्कळांना वाटते, की नाली आणि मैल्याचे गटार एकच. तसे नाही. मैल्याचा नळ जमिनीखालून जातो. त्याचे पाणी शुद्ध करायच्या कारखान्याकडे न्यायचे असते. पावसाची नाली वेगळी. तिच्यातले पाणी कोणी गाळत नाही, शुद्ध करीत नाही. ते सरळ नाल्याला आणि नदीला मिळते.

रामदासपेठेजवळून नाग नदी वाहते. या नदीवरूनच नागपूर हे नाव पडले, असे सांगतात. शहराच्या पश्चिमेकडून ती येते, अंबाझरी तलावाकडून शहरात शिरते आणि पूर्वेकडे जाते. पुढे ती कन्हान नदीला मिळते. कन्हान वैनगंगेला मिळते. वैनगंगेवर गोसीखुर्दचे धरण आहे. म्हणजे रामदासपेठेत नालीत पडलेली घाण भंडारा जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या पाण्यापर्यंत जाऊ शकते. शहराची नाली आणि गावाचे शेत एकमेकांपासून दूर नाहीत.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट

त्या दिवशी शनिवार होता. लोक झोपेत होते. पहाटेच्या आधी आभाळ फाटल्यासारखा पाऊस आला. चार तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडला. अंबाझरी तलाव भरून वाहू लागला. नाग नदीला पूर आला. नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले. रामदासपेठ, सीताबर्डी, शंकरनगर या भागांत घरे, दुकाने, गाड्या पाण्यात गेल्या. मोरभवनच्या स्थानकावर एसटीच्या गाड्या बुडाल्या. पंचशील चौकाजवळचा पूल खचला. लोकांना बाहेर काढायला नावा आणाव्या लागल्या, लष्कराची मदत घ्यावी लागली. माणसे दगावली. हजारो घरांचे नुकसान झाले.

हा पूर मलब्यानेच आला असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल. पाऊसच अफाट होता, तलाव वरून वाहत होता. पण पाणी जास्त असते तेव्हाच तर मोकळी वाट जास्त लागते. अडचणीच्या वेळी नाली बुजलेली असेल तर पाणी अधिक वर चढते आणि उशिरा उतरते. पाऊस आपल्या हाती नाही. नाली आपल्या हाती आहे.

थोडा हिशेब

आता एक हिशेब करू. एका घराची गच्ची १,००० चौरस फूट आहे. तिच्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला. किती पाणी झाले? सुमारे ९,३०० लिटर. एका घागरीत १५ लिटर पाणी मावते असे धरा. मग ६२० घागरी झाल्या. हे एका गच्चीचे पाणी. आता एका रस्त्यावर किती गच्च्या असतात ते मोजा. शिवाय रस्त्याचे पाणी वेगळेच. डांबरी रस्ता आणि सिमेंटचे अंगण पाणी पीत नाही. शेत थोडे तरी पिते. म्हणून शहरात पाणी लवकर जमते आणि ते सारे नालीवर येऊन पडते.

दुसरा हिशेब. नाली हातभर रुंद आणि हातभर खोल आहे. ती रेतीने अर्धी भरली. तर पाणी निम्मे जाईल का? नाही. निम्म्याहूनही कमी जाते. कारण पाणी तळाला आणि बाजूंना घासून चालते. पाण्याची खोली कमी झाली, की या घासण्याचा अडथळा जास्त होतो आणि पाण्याचा वेग मंदावतो. वेग मंदावला की गाळ आणखी बसतो. गाळ बसला की वेग आणखी कमी होतो. एकदा सुरू झालेले हे चक्र आपोआप थांबत नाही.

रेती आणि सिमेंट

वेगाचे पाणी रेती ओढून नेते. पण वळणावर, जाळीपाशी, मोरीच्या तोंडाशी पाणी हळू होते. तेथे रेती तळाला बसते. तिच्यावर विटेचा तुकडा अडकतो. त्याला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळते. झाले, बांध तयार.

सिमेंट त्याहून वाईट. माती पाण्यात विरघळते, सिमेंट पाण्यात घट्ट होते. सिमेंटचा गुणच तसा आहे. म्हणून तर त्याने विहिरीचे बांधकाम करता येते. घमेली, फावडी, यंत्र धुतलेले सिमेंटचे पाणी नालीत ओतले, तर आज ते पातळ दिसते. पण रोज थोडे थोडे ओतले, तर तळाशी दगडासारखा थर होतो. मग तो फावड्याने निघत नाही. छिन्नी-हातोडा लागतो.

मुंबईत काय झाले?

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या जुन्या नाल्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधल्या होत्या. त्यात मिठी नदीचे पात्र भराव टाकून आणि बांधकामे करून अरुंद झालेले. शेकडो माणसे मेली. पाण्याची जागा माणसाने घेतली, तर पाणी एक दिवस ती मागायला येते.

नालीत टाकू का जी?

समजा, एका बांधकामावर संध्याकाळ झाली आहे. दिवसभर काम करून एक बाई थकली आहे. अंगणात मलब्याचा ढीग आहे. ती विचारते, "मिस्त्रीभाऊ, हे कुठं टाकू जी?" मिस्त्री घाईत आहे. तो म्हणतो, "अवो, टाका नालीत. पाऊस आला की वाहून जाते."

बाईने काय करावे? तिची मजुरी मिस्त्रीच्या हातात आहे. भांडली तर उद्या काम मिळेल की नाही, ही तिला काळजी. ही काळजी खोटी नाही. तिला नुसता उपदेश करून भागणार नाही.

पण तिने एवढे म्हणावे, "भाऊ, दोन गोण्या द्या. मी भरून कोपऱ्यात ठेवते. उद्या ट्रक येईल तवा जाईल." हे सांगायला भांडण लागत नाही. गोणी भरायला वेळही फार लागत नाही. चार बायांनी मिळून म्हटले, तर मिस्त्रीलाही ते ऐकावे लागते.

आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. मजूर माणसे पुष्कळदा कामाच्या जागेशेजारीच झोपडी टाकून राहतात. नाली तुंबली, की पाणी वरच्या मजल्यावरच्या माणसाकडे जात नाही. आधी खालच्या झोपडीत शिरते. पीठ भिजते, अंथरूण भिजते, लेकराला ताप येतो. साचलेल्या पाण्यात डास होतात. मालकाचा ट्रकाचा एक फेरा वाचतो, त्याची किंमत गरिबाचे लेकरू देते.

कायदा काय सांगतो?

बांधकामाच्या मलब्यासाठी केंद्र सरकारने २०१६ साली वेगळे नियम केले. त्यांचे सार असे: ज्याचे बांधकाम, त्याचा मलबा. त्याने तो आपल्या आवारात वेगळा ठेवावा आणि ठरलेल्या जागी पोचवावा. रस्त्यावर टाकू नये, नाली अडवू नये. २०२५ साली सरकारने नवे नियम जाहीर केले. त्यांत मोठी बांधकामे करणाऱ्यांवर जास्त जबाबदारी टाकली. म्हणजे हा बोजा मजुराचा नाही, मालकाचा आहे. हे मजुराला ठाऊक असले, की त्याला बोलायला बळ येते.

काय करावे?

१. रेती, गिट्टी, माती यांचा ढीग नालीपासून लांब टाकावा. ढिगाभोवती विटांची एक ओळ लावावी. पाऊस येईल असे दिसले, की वर ताडपत्री घालावी.

२. सांडलेली रेती पाणी मारून ढकलू नये. कोरडीच झाडून घ्यावी. ती पुन्हा कामाला येते.

३. घमेली-फावडी धुवायला आवारातच एक खड्डा करावा. सिमेंटचा गाळ तेथे बसू द्यावा. तो वाळला, की काढून भरावात टाकावा. हे पाणी अंगाला लागले तर कातडी भाजते. लेकरांना खड्ड्यापासून दूर ठेवावे.

४. चांगल्या विटा, लोखंड, लाकूड वेगळे करावे. ते विकले जाते. विटांचे तुकडे फरशीखाली भरायला चालतात.

५. नालीतून काढलेला गाळ काठावर ठेवू नये. पहिला पाऊस तो पुन्हा आत नेतो. काढला त्या दिवशीच उचलावा.

६. बंद नालीत किंवा चेंबरात कधीही उतरू नये. आत विषारी वायू असतो. माणूस एका क्षणात पडतो, आणि त्याला काढायला गेलेला दुसराही पडतो. हे काम महानगरपालिकेला सांगावे.

आपल्या गावात

आता गावात घरकुले होत आहेत. ग्रामपंचायतीने सिमेंटच्या नाल्या बांधल्या आहेत. घर बांधताना रेतीचा ढीग बहुधा नालीवरच पडतो. शेजारी काही बोलत नाही, कारण उद्या त्यालाही घर बांधायचे असते. मग पावसाळ्यात दोघांच्याही दारात चिखल होतो.

ग्रामसभेत हा विषय काढा. मलबा कोठे टाकायचा ती जागा ठरवा. गावात खड्ड्यांची वाट असेल तर विटांचे तुकडे तेथेच भरा. मिरगाच्या आधी सर्वांनी मिळून नाली पाहा.

घर बांधणे ही आनंदाची गोष्ट आहे. जन्मात एकदा माणूस घर बांधतो. ते बांधताना पाण्याची वाट मोडू नये, एवढेच आमचे म्हणणे.

प्रश्न

१. पावसाची नाली आणि मैल्याचे गटार यांत फरक काय?
२. सिमेंटचे पाणी नालीत ओतले तर काय होते?
३. नाली अर्धी भरली तर पाणी निम्म्याहून कमी का जाते?
४. तुमच्या गावातील नालीचे पाणी शेवटी कोणत्या नदीला मिळते? शोधून वहीत लिहा.