मसावि काढण्याआधी किलो कर

अगं, प्रोजेक्टसाठी हिंगणघाटच्या बाजारातली कापसाची वजनं मिळवलीस आणि आता त्यांचा मसावि काढायला बसलीस, हे ऐकून फार बरं वाटलं. पण एक गोष्ट आजच सांगते, नाहीतर अख्खी रात्र कोडमध्ये चूक शोधत बसशील आणि ती तिथे नसेलच.

तुझी वजनं क्विंटलमध्ये आहेत. समज, ०.३ आणि ०.१. मसावि ०.१ हे शाळेतली मुलगीही सांगेल. पण पायथनमध्ये हे आकडे घालून भागाकाराची नेहमीची रीत लाव. पहिली बाकी शून्य यायला हवी, ती येते ०.१ हून किंचित कमी. मग त्या बाकीने पुन्हा भाग, पुन्हा भाग. शेवटी हाती येणाऱ्या मसाविमध्ये दशांशचिन्हानंतर सोळा शून्यं असतात आणि मग कुठे २७७!

कारण असं, की द्विमान पद्धतीत ०.१ कधी संपतच नाही, जसं आपल्याकडे एक तृतीयांश संपत नाही. संगणक ५३ बिटच ठेवतो आणि संख्या त्यांत बसणाऱ्या सर्वांत जवळच्या किमतीला आणतो. त्यामुळे त्याचा ०.१ खऱ्याहून अगदी थोडा मोठा आणि ०.३ अगदी थोडा लहान. त्यापुढे मात्र बाकी काढताना तो कणभरही चुकत नाही. त्याने साठवलेल्या दोन संख्यांचा तो इवलासा आकडाच खरा मसावि आहे. म्हणजे बिघाड झाला तो आकडा आत शिरतानाच. आणि तुझ्याकडे तर अख्खा अ‍ॅरे आहे. त्यातला असा एक आकडासुद्धा सगळ्या स्तंभाचा मसावि धुळीला मिळवतो.

पायथनच्या नमपाय लायब्ररीतलं मसावि काढणारं जीसीडी फंक्शन अपूर्णांक घेतच नाही, सरळ एरर देऊन थांबतं. मला हा कडकपणा आवडतो. एपीएल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत वेगळं आहे. तिथे एकच चिन्ह ‘किंवा’चंही काम करतं आणि मसाविचंही, अपूर्णांकही चालतात, आणि ठरलेल्या सूटमर्यादेच्या आतला फरक शून्य धरला जातो. सोयीचं वाटतं ना? पण मोठ्या संख्येला लहानाने भागताना लहानातली चूक भागाकाराच्या पटीने वाढते. आज पुरलेली सूट उद्याच्या मोठ्या आकड्यांना पुरेलच असं नाही.

सूट देणं चूक नाही गं. कुठे द्यायची ते कळायला हवं. त्याच हिंगणघाटात भूमापक विल्यम लॅम्बटनची कबर आहे. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने भारताचं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं आणि जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटातच वारला. पोलादी साखळी उन्हाने किती वाढली याचाही तो हिशेब ठेवायचा. अशा मोजलेल्या लांबीत चूक असतेच, म्हणून तिथे सूट आधी ठरवल्याशिवाय मसावि या प्रश्नालाच अर्थ नाही. काट्याच्या पावतीवरचं वजन तसं नाही. ते पूर्ण किलोत लिहिलेलं असेल, तर ती पूर्णांक संख्याच आहे. क्विंटल करून आपणच तिला दशांशचिन्ह लावलं.

म्हणून आधी शंभराने गुण, मग जवळच्या पूर्णांकात आण, आणि त्यानंतरच प्रकार पूर्णांक कर. मधली पायरी गाळू नकोस, कारण ०.२९ ला शंभराने गुणलं की संगणकाकडे २९ हून जरासं कमी येतं, आणि नुसता प्रकार बदललास तर हाती २८ राहतात. एक किलो कापूस शेतकऱ्याच्या पट्टीतून गेला, असा त्याचा अर्थ होतो. आणखी एक: पायथनच्या पांडास लायब्ररीत फाईल उघडताना एखादी चौकट रिकामी असली तर पूर्णांकांचा सगळा स्तंभ गुपचूप दशांशात जातो. तेव्हा स्तंभाचा प्रकार छापून बघ.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त कुट्टकाच्या आरंभी हीच परस्पर भागाकाराची रीत दिली आहे, तीही पूर्णांकांसाठी. तीच वापर. सूटमर्यादेच्या नादी लागू नकोस, आणि आज रात्री झोपण्याआधी तेवढं किलो करून टाक.