मेथीचा घोळाणा : नीट धुवा, लिंबू पिळा, सगळे मिळून खा

थंडीत जळगाव-धुळ्याच्या बाजारात मेथी भरपूर येते आणि जुडी स्वस्त होते. खान्देशात ती कच्चीच घोळाणा करून भाकरीबरोबर खातात. गॅस जळत नाही आणि शिजवताना कमी होणारे क जीवनसत्त्व टिकते. कच्चा पाला खाणे ही काही गरिबीची खूण नव्हे. फ्रान्समधल्या लियाँ शहराचे नावाजलेले सॅलड म्हणजे अशीच कडवट पाने. वर तेल, व्हिनेगर, खारवलेले मांस आणि अंडे.

साहित्य (चार जणांसाठी) : कोवळ्या मेथीची १ जुडी, १ कांदा, २ हिरव्या मिरच्या, ४ चमचे शेंगदाण्याचा कूट, २ चमचे शेंगदाणा तेल, १ लिंबू, मीठ. काळे पडलेले, कडवट किंवा बुरशी आलेले दाणे कुटात घालू नका.

धुणे : खरे काम इथेच आहे. काही ठिकाणी भाजीला नाल्याचे पाणी दिलेले असते. मुळे कापा, पिवळी पाने काढा. पाने अख्खी असतानाच तीन पाण्यांतून खळबळून धुवा. शेवटचे पाणी पिण्याचे असावे; शक्यतो उकळून गार केलेले. नुसत्या मिठाच्या पाण्याने जंतू मरत नाहीत. हात आणि विळी साबणाने धुऊन मगच भाजी चिरा.

कृती : मेथी, कांदा, मिरची बारीक चिरा. मीठ, कूट, तेल घालून हाताने हलके घोळा. लिंबू पिळा आणि लगेच वाढा. उरवून ठेवू नका. बरोबर ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी आणि जमले तर उकडलेले अंडे घ्या.

रक्तासाठी : वस्तीत तपासणीला जातो तेव्हा कितीतरी भगिनींच्या डोळ्यांची खालची पापणी आतून फिकी दिसते. बाईचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली आणि गरोदरपणात ११ च्या खाली असेल, तर तो रक्तक्षय. पाल्यातले लोह शरीराला सहज मिळत नाही. लिंबाने ते जास्त शोषले जाते, चहाने अडते. म्हणून जेवणानंतर तासभर तरी चहा नको. मात्र घोळाण्याने गोळी सुटत नाही. उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मोफत मिळतात, त्या चालूच ठेवा.

कोणी टाळावा : जुलाब लागलेल्यांनी, गरोदर बाईने आणि लहान बाळांनी कच्चा पाला खाऊ नये. त्यांना तीच मेथी शिजवून द्या आणि वर लिंबू पिळा.

शेवटी एकच सांगणे. घोळाणा चवीला लागतो, म्हणून पहिल्या पंगतीतच संपतो. ज्या बाईने तो निवडला, धुतला, चिरला, तिच्या ताटात भाकरी आणि मीठ उरते. घरात रक्त बहुधा तिचेच कमी असते. तेव्हा सगळ्यांनी एकत्र बसा आणि तिचा वाटा आधी काढा.