'वेस्टेड' म्हणजे वाया गेलेला?



मागे नववीच्या तासाला एका मुलाने विचारलं, "सर, 'ही इज वेस्टेड' म्हणजे तो वाया गेला का?" वाक्य वेब सिरीजमधलं. मी म्हटलं, "नाही रे, त्याला दारू जास्त झालीय." वर्ग खो-खो हसला.

इंग्रजी बोलीत झिंगलेल्या माणसासाठी शेकडो शब्द आहेत. बेंजामिन फ्रँकलिनने 1737 साली आपल्या वर्तमानपत्रात अशा दोनशेहून अधिक शब्दप्रयोगांची यादीच छापली होती! मुलांना यादी पाठ करायला लावू नका, रचना दाखवा. हॅमर्ड म्हणजे हातोड्याने ठोकलेला, स्मॅश्ड म्हणजे चक्काचूर झालेला, प्लास्टर्ड म्हणजे गिलावा केलेला. सगळी भूतकाळवाचक धातुसाधितं, विशेषणासारखी वापरलेली. मूळ अर्थाचा दारूशी काडीचाही संबंध नाही, अर्थ संदर्भातूनच लागतो. 'टिप्सी' म्हणजे जरा चढलेला, 'लेगलेस' म्हणजे पायावर उभं राहता न येणारा. 'थ्री शीट्स टू द विंड' मधलं शीट म्हणजे कागद नव्हे, तर शिडाला ताणून धरणारा दोर. दोर सुटले की शीड फडफडतं, जहाज डुलतं. आपलं 'फुल टाईट' घ्या ना, इंग्रजीतही 'टाईट'चा हा अर्थ जुनाच आहे.

घोटाळे होतात ते इथे: 'लोडेड' म्हणजे प्यायलेला, पण गडगंज श्रीमंतसुद्धा. 'पिस्ड' ब्रिटनमध्ये प्यायलेला, अमेरिकेत चिडलेला. आणि शब्द दोन्हीकडे असभ्यच. परदेशी शिकायला जाणाऱ्या मुलांना हे कळायला हवं, बोलायला नको. पेपरात 'ड्रंक' पुरे.

त्या दिवशी मात्र मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नव्हता. मान खाली घालून वहीत रेघोट्या मारत होता. त्याच्या घरची परिस्थिती मला नंतर कळली. हे शब्द गमतीदार वाटतात, कारण ते पिणारा आणि त्याचे मित्र वापरतात. रात्री दार उघडणाऱ्या पोराचा शब्द त्यात एकही नाही. (मराठीतले 'टल्ली', 'तर्र' तरी कुठे वेगळे?)

आता शब्द शिकवतो, पण झोकांड्या खाण्याचा अभिनय करून दाखवत नाही. वाक्यात उपयोग सांगताना कर्ता 'द सेलर' ठेवतो. 'माय फादर', 'माय अंकल' फळ्यावर घेत नाही.