गावचे जुने कागद आणि इतिहासाचा पाठ

तिकोणा पेठ हे गाव तिकोणा ऊर्फ वितंडगड या किल्ल्याच्या पायथ्याशी वसले आहे. पुरंदरच्या तहान्वये जून १६६५ मध्ये शिवाजी महाराजांनी जे तेवीस किल्ले मोगलांच्या स्वाधीन केले, त्यांत लोहगड, विसापूर व तुंग यांच्याबरोबर तिकोण्याचेही नाव आढळते. ही गोष्ट आज निश्चयाने सांगता येते, याचे श्रेय त्या काळच्या कागदपत्रांस आहे. बुरुज व तटबंदी गडाचे सामर्थ्य दाखवितात. परंतु गड कोणत्या साली, कोणत्या कराराने कोणाकडे गेला, हे कागदावाचून कळत नाही.

असे कागद मुख्यत्वे तीन प्रकारचे असतात. सनदा, आज्ञापत्रे, महजर, हिशेब इत्यादी कागद व्यवहाराच्या वेळीच लिहिलेले असल्यामुळे त्यांस अस्सल साधने म्हणतात. घटनांची मितीवार टिपणे म्हणजे शकावली. बखरी बहुधा घटनेनंतर, स्मरणाच्या व ऐकीव माहितीच्या आधाराने रचल्या गेल्या. बखर टाकाऊ नव्हे. परंतु तिच्यातील सन व मिती इतर साधनांशी ताडून पाहणे अवश्य असते.

याचे उत्तम उदाहरण शिवजन्माच्या तिथीचे आहे. उत्तरकालीन बखरींच्या आधारे ही तिथी वैशाख शुद्ध २, शके १५४९, म्हणजे सन १६२७ मधील मानली जात असे. पुढे भोरकडील कारी गावच्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली मिळाली व लोकमान्य टिळकांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्धीस आणली. तीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी नोंद होती. तथापि एकाच कागदावर भिस्त ठेवणे योग्य नव्हे. महाराजांचे समकालीन कवींद्र परमानंद यांचे ‘शिवभारत’ हे संस्कृत काव्य तंजावर येथे उपलब्ध झाले व त्यातही तीच तिथी निघाली. दोन स्वतंत्र साधनांचा असा मेळ बसल्याने तिची विश्वसनीयता वाढली. शासकीय शिवजयंती आज १९ फेब्रुवारीस होते, तिचे मूळ या नोंदीत आहे. एका मावळी घराने एक दप्तर जतन केले, त्याचे हे फळ होय.

वरच्या वर्गात यावरून गणिताचाही पाठ घेता येईल. शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. मात्र मिती जानेवारीपासून चैत्रारंभापर्यंतची असल्यास ७९ मिळवावे लागतात. म्हणून शके १५५१ चा फाल्गुन सन १६३० मध्ये पडतो. जुन्या कागदांवर पुष्कळदा सुहूर सन असतो. हे वर्ष मृगापासून सुरू होते. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे.

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी गावोगाव हिंडून असे कागद मिळविले. त्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. १९१० मध्ये पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. तरीही सर्व कागद संग्रहांत पोहोचले असे नव्हे. मोडी वाचता येत नाही म्हणून ‘निरुपयोगी’ ठरलेले रुमाल वाळवीच्या किंवा चुलीच्या स्वाधीन होतात. पवन मावळातील पावसाची ओलही त्यांची वैरीण आहे. एकदा नष्ट झालेला अस्सल कागद कोणत्याही उपायाने परत मिळत नाही.

याबाबत शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात. वतनाचा किंवा जमिनीचा कागद हातचा जाईल, अशी भीती मालकास वाटणे स्वाभाविक आहे. यास्तव कागद शाळेत मागवू नये. संमती घेऊन मालकाच्या घरीच त्याचे छायाचित्र घ्यावे व मूळ कागद त्याच्याजवळच राहू द्यावा. फाटलेल्या भागास चिकटपट्टी लावू नये, कागद उन्हात वाळवू नये, अक्षरांवर पुन्हा लेखणी फिरवू नये. कोरड्या स्वच्छ सुती फडक्यात रुमाल बांधून जमिनीपासून उंच ठेवण्यास सांगावे. वाचनासाठी मोडी जाणकाराचे साहाय्य घ्यावे. तोपर्यंत कागद कोणाच्या घरचा, कोठे व कशा स्थितीत आढळला, एवढे विद्यार्थ्यांकडून वहीत लिहवून घ्यावे. वाचणारा उद्या मिळेल. कागद मात्र आजच राखला पाहिजे.