ओढ्याकाठचा दवणा की गाजरगवत?

प्रश्न : आम्ही ब्रिस्बेनला राहतो. घरामागच्या ओढ्याकाठी कमरेएवढं वाढलेलं एक झाड आहे. पान चुरडलं की दवण्याची आठवण येते. कोल्हापूरहून आलेले बाबा त्याला ढोरदवणा म्हणतात, सासूबाईंना ते गाजरगवत वाटतं आणि शेजारी ‘वर्मवुड’ म्हणतात. खरं कोणाचं? चैत्रात जोतिबाला वाहायला चालेल का?
— एक वाचक, ब्रिस्बेन

उत्तर : वासाचं वर्णन वाचून बाबांचं आणि शेजाऱ्यांचं पारडं जड वाटतं. पण पुन्हा पान चुरडण्याआधी ते नीट बघून घ्या, कारण सासूबाईंचा अंदाज खरा निघाला तर ते चुरडणं महागात पडेल. कातरलेल्या पानांची ही सगळी झाडं सूर्यफुलाच्या कुळातली. नुसत्या पानाच्या आकारावर गेलं की फसगत ठरलेली.

आधी पान उलटं करा. वरून गर्द हिरवं आणि खालून पांढुरकी लव असेल, तर बहुधा ते चिनी वर्मवुड, म्हणजे आर्टेमिसिया व्हर्लोटिओरम. क्वीन्सलंडच्या आग्नेय कोपऱ्यात आणि न्यू साउथ वेल्सच्या किनारी भागात ते रानोमाळ झालं आहे. मूळचं चीनकडचं हे झाड वेगळी जात म्हणून 1876 साली फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ लामोत यांनी नोंदवलं. त्याआधी ते युरोपातल्या आर्टेमिसिया व्हल्गॅरिसमध्येच खपून जाई. योगायोग असा, की त्याच 1876 साली सी. बी. क्लार्क यांनी सह्याद्री-निलगिरीतला आपला ढोरदवणा या व्हल्गॅरिसचाच एक प्रकार म्हणून नोंदवला. तो स्वतंत्र जात, आर्टेमिसिया निलगिरिका, ठरला पुढच्या शतकात. जाणकारांनाही ही भावंडं वेगळी करायला इतका वेळ लागला, तेव्हा महाबळेश्वरच्या वाटेवर ढोरदवणा पाहिलेल्या बाबांना ब्रिस्बेनमध्ये तोच दिसला तर त्यांच्या नजरेला दादच द्यायला हवी.

चिनी आणि युरोपी यांतला फरक मातीखाली आहे. थोडं खणून पाहा. युरोपी झाड एका जागी ठोंब धरून राहतं. चिनी मात्र जमिनीखालून लांब धावती खोडं सोडतं आणि हात-दोन हातांवर पुन्हा डोकं वर काढतं. त्याचा फुलोराही उशिरा, शरद ऋतूत येतो. तुमच्याकडे तो आपल्या चैत्राच्याच सुमाराला.

पान दोन्ही बाजूंनी रुपेरी असेल तर ते खरं वर्मवुड, आर्टेमिसिया ॲबसिंथियम, किंवा त्याचं झुडपी भावंड आर्बोरेसेन्स. ऑस्ट्रेलियात कोंबड्यांच्या खुराड्याभोवती हे लावायची जुनी पद्धत आहे. आर्बोरेसेन्स लाकडी खोडाचं, त्याच्या पानाचे तुकडे अगदी चिंचोळे आणि फुलांचे गेंद मोठे. ॲबसिंथियमच्या पानाचे तुकडे रुंद, टोकं बोथट.

आणि पान दोन्हीकडून हिरवंच असेल तर मात्र हात आखडता घ्या. त्यात एक रॅगवीड. त्याची खालची पानं खोडावर समोरासमोर येतात, आर्टेमिसियाची नेहमी एकाआड एक. रॅगवीडचे पराग सर्दी-दम्याच्या लोकांना फार छळतात. दुसरं गाजरगवत. त्याच्या खोडावर उभ्या शिरा असतात आणि चार-पाच मिलिमीटरच्या पांढऱ्या फुलांना पाच कोपरे दिसतात. आर्टेमिसियाचे गेंद पिवळट किंवा तपकिरी, बहुधा खाली झुकलेले आणि पाकळ्या नसलेले. पांढरी फुलं दिसली की संशय संपला. हे मेक्सिकोकडचं गवत 1955 साली पुण्यात आढळलं आणि त्याच वर्षी क्वीन्सलंडमधल्या टूगूलावाजवळही. आज ते ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय महत्त्वाच्या तणांच्या यादीत आहे. त्यानं अंगाला खाज सुटते, पुरळ येतं, म्हणून हातमोज्यांशिवाय उपटू नका आणि बी बुटाला चिकटवून घरी आणू नका. न्यू साउथ वेल्समध्ये ते दिसलं तर सरकारला कळवणं बंधनकारक आहे.

आता जोतिबाचं. आपला दवणा, आर्टेमिसिया पॅलेन्स, वर्षभराचं नाजूक रोप, जेमतेम गुडघ्यापर्यंत येणारं. कमरेएवढा वाढलेला तुमचा सोबती दवणा नव्हे. तो चिनी वर्मवुड ठरला तर देवापुढे एक डहाळी ठेवायला माझी हरकत नाही. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल-खोबऱ्यासोबत जो दरवळतो तो सुगंध तिला येणार नाही, एवढंच. पण ती कुंडीत लावू नका. मुळाचा तुकडा बागेत गेला की वर्षानुवर्षं निघत नाही. आणि भारतातून येताना दवणा, ताजा असो वा वाळलेला, विमानतळावर जाहीर केल्याशिवाय आणू नका.

काढ्याचा विचार तर मुळीच नको. हिवतापावरचं औषध ज्या आर्टेमिसिया ॲन्युआतून निघालं आणि ज्यासाठी चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांना 2015 चं नोबेल मिळालं, ती जात वेगळी. ॲबसिंथियममध्ये थुजोन असतं, ते जास्त गेलं तर मेंदूवर परिणाम होऊन झटके येऊ शकतात. गरोदर बाईनं तर यातलं काहीच पोटात घेऊ नये.

तरी खात्री पटली नाही, तर माउंट कूट-था इथल्या वनस्पती उद्यानात क्वीन्सलंड हर्बेरियम आहे, तिथं झाडं ओळखून देतात. खालचं पान, वरचं पान आणि फुलोरा असलेली फांदी वर्तमानपत्रात दाबून न्या आणि झाड नेमकं कुठं होतं ते सोबत लिहून ठेवा. पांढरी फुलं असतील तर मात्र झाड न हलवता फक्त फोटो पाठवा.