पेट्रोलमधील प्राणवायू : लाभ आणि मर्यादा

लखनौमधील अमीनाबाद ही चिकनकारीच्या कपड्यांसाठी प्रसिद्ध असलेली जुनी बाजारपेठ होय. अरुंद रस्ते व दाट गर्दी यांमुळे वाहनांचा वेग येथे मंदावतो आणि इंजिने उभ्या जागी धडधडत राहतात. लखनौमधीलच भारतीय विषविज्ञान संशोधन संस्था पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर शहरातील हवेची पाहणी करते. व्यापारी भागांतील तिच्या मोजणीच्या ठिकाणांत अमीनाबादचाही समावेश असतो. तेथे धूलिकणांबरोबर शिशासारख्या धातूंचे प्रमाणही तपासले जाते.

शिसे आणि पेट्रोल यांचा संबंध जुना आहे. इंधन अवेळी पेटून इंजिनात होणारी ठकठक टाळण्यासाठी पेट्रोलमध्ये अनेक दशके शिशाचे संयुग मिसळले जात असे. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होतो, हे सिद्ध झाल्यावर ते हटविणे क्रमप्राप्त ठरले. भारतात १९९५ मध्ये चार महानगरांपासून प्रारंभ होऊन १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिशाची उणीव भरून काढणाऱ्या पदार्थांत ज्यांच्या रेणूतच प्राणवायू असतो, अशा संयुगांना महत्त्व आले. इथेनॉल आणि एमटीबीई ही त्यांतील प्रमुख नावे. इथेनॉलच्या वजनात सुमारे ३५ टक्के, तर एमटीबीईमध्ये सुमारे १८ टक्के प्राणवायू असतो.

हवा अपुरी पडली की पेट्रोलचे ज्वलन अर्धवट राहते व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होतो. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. साहजिकच हृदयविकाराच्या रुग्णांना त्याचा त्रास अधिक. इंधनाबरोबरच थोडा प्राणवायू आत गेला, तर ही उणीव काही अंशी भरून निघते. निती आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार २० टक्के इथेनॉलयुक्त पेट्रोलमुळे कार्बन मोनॉक्साइडचे उत्सर्जन दुचाकींत सुमारे ५० टक्के, तर चारचाकींत ३० टक्के घटते.

मात्र हा लाभ सर्व वाहनांना सारखा मिळत नाही. जुन्या कार्ब्युरेटरला मिश्रणाचे प्रमाण स्वतःहून बदलता येत नाही. म्हणून तेथे फरक ठळक दिसतो. नव्या वाहनांत धुरातील प्राणवायू मोजणारा संवेदक इंधनाचे प्रमाण क्षणोक्षणी सुधारतो आणि उरलेले काम उत्प्रेरक करतो. परिणामी तेथे मिळकत थोडीच. शिवाय त्याच अहवालाने नायट्रोजनच्या ऑक्साइडांबाबत निश्चित कल आढळत नसल्याचे, तसेच अ‍ॅसिटाल्डिहाइडचे प्रमाण, एकंदरीत कमी असले तरी, साध्या पेट्रोलपेक्षा वाढल्याचे नोंदविले आहे. अ‍ॅसिटाल्डिहाइड डोळ्यांना व श्वसनमार्गाला दाह करते. ते संभाव्य कर्करोगकारकांत गणले जाते. दुसरीकडे, मिश्रणामुळे बेंझिनसारख्या खऱ्या अर्थाने घातक घटकाचा वाटा कमी होतो, ही जमेची बाजू.

एमटीबीईची कहाणी अधिक बोधक आहे. अमेरिकेत १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्त्यांनंतर त्याचा वापर झपाट्याने वाढला. हवा सुधारली खरी. परंतु भूमिगत टाक्यांतून झिरपलेला हा पदार्थ पाण्यात सहज विरघळून दूरवर पसरला. त्याचे जैविक विघटनही मंद. अत्यल्प प्रमाणातही पाण्याला टर्पेंटाइनसारखी चव व वास येतो. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला आपल्या विहिरी बंद कराव्या लागल्या, आणि पुढे त्या राज्याने या पदार्थावर बंदीच घातली. हवेच्या खात्यात झालेली जमा पाण्याच्या खात्यातून वजा झाली!

भारताने भर दिला तो इथेनॉलवर. मातीत आणि पाण्यात त्याचे विघटन लवकर होते. २००१ मध्ये महाराष्ट्रातील मिरज व मनमाड आणि उत्तर प्रदेशातील आंवला-बरेली येथे प्रायोगिक प्रकल्प झाले. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्ये व चार केंद्रशासित प्रदेशांत ५ टक्के मिश्रण सुरू झाले. १० टक्क्यांचा टप्पा २०२२ मध्ये, तर २० टक्क्यांचा २०२५ मध्ये गाठला गेला. २०१८ पासून आसवन्यांच्या उभारणीसाठी बँकांनी दिलेल्या कर्जांवर केंद्र शासनाने व्याज सवलत दिल्याने या प्रवासात बँकांचाही वाटा आहे.

याचीही किंमत आहेच. साखरेपासून एक लिटर इथेनॉल मिळविण्यास सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे निती आयोगाचाच अहवाल सांगतो. मराठवाड्यातील वाचकास या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावयास नको. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असल्याने वाहनाची धावही थोडी घटते. इथेनॉल पाणी शोषून घेते. म्हणून दीर्घकाळ उभ्या असलेल्या जुन्या दुचाकीच्या टाकीत पाणी वेगळे होऊन तळाशी साचू शकते, तसेच रबरी नळ्या व वेष्टने लवकर झिजू शकतात. जुने वाहन बाळगणाऱ्यांनी हे भाग नियमित तपासून घेणे श्रेयस्कर. अमीनाबादच्या रस्त्यावरील धूळ मात्र पेट्रोलमधील कोणत्याही घटकाने हटणारी नाही. तिचा उगम टाकीत नसून चाकांखाली आहे.