गाईचें पोट आणि माणसाचें पोट

पोट हें सर्व प्राण्यांस सारखेंच असतें, लहानमोठें एवढाच काय तो फरक, असा आपला सर्वसाधारण समज आहे. आमचाहि तसाच होता. त्या समजापायीं आम्हीं एक दुभती गाय गमावली. म्हणून हा विषय आम्हांस मागाहून जसा समजला, तसा येथें मांडण्याचें योजिलें आहे.

कांहीं वर्षांपूर्वी आमच्या घरीं लग्नकार्य झालें. पंगती उठल्यावर भात व बुंदी मिळून दोन मोठीं घमेलीं उरलीं. अन्न टाकूं नये व मुक्या जनावरालाहि गोड मिळावें, या हेतूनें तें सर्व आम्हीं आपल्या हातानें गाईपुढें ठेविलें. तिनें तें आवडीनें खाल्लें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं रवंथ बंद, डावी कूस फुगलेली, शेण पातळ व आंबूस वासाचें! संध्याकाळीं ती बसली ती पुन्हा उठली नाहीं. पशुवैद्य आले, परंतु वेळ टळून गेली होती. महसूल खात्याच्या नोकरींत मेलेल्या जनावरांचे पंचनामे आम्हीं पुष्कळ लिहिले. वीज पडून मेलें, पुरांत वाहून गेलें, असें लिहितांना हात कधीं अडखळला नाहीं. या गाईचा पंचनामा लिहावयाचा असता, तर कारणाच्या रकान्यांत ‘धन्याची माया’ असें लिहावें लागलें असतें.

आतां माणसाचें पोट पाहूं. पचनास आरंभ तोंडांतच होतो. भाकरीचा घास बराच वेळ चावला असतां गोड लागूं लागतो; कारण लाळेंतील पाचक द्रव्य पिठुळ पदार्थाची साखर करूं लागतें. पुढें जठरांत तीव्र आम्ल असतें. तेथें डाळी, दूध, मांस यांतील प्रथिनें फुटूं लागतात व अन्नाबरोबर गेलेले बहुतेक जंतु मरतात. नंतर सुमारें २० फूट लांबीच्या लहान आंतड्यांत यकृताचें पित्त व स्वादुपिंडाचा रस मिसळून अन्नाचा सत्त्वांश रक्तांत शोषला जातो. मोठें आंतडें सुमारें ५ फूट; तें मुख्यत्वें पाणी शोषून घेतें. मात्र कडब्यांतील तंतुमय भाग पचविणारा रस माणसाच्या शरीरांत नाहीं. आपण कडबा खाऊन जगूं शकत नाहीं, तो याचमुळें.

आपल्या उसांत दबा धरून बसणाऱ्या बिबट्याचें काम याहून सोपें आहे. मांस पचण्यास हलकें. म्हणून मार्जारकुळांतील प्राण्यांचें आंतडें त्यांच्या शरीराच्या लांबीच्या सुमारें चौपटच असतें. उलट गाईबैलांचें आंतडें सुमारें वीसपट भरतें. उसांत बिबट्या, गोठ्यांत गाय आणि ओसरीवर माणूस. गांव एकच, पण पोटें तीन तऱ्हेचीं.

गाईच्या पोटास चार कप्पे असतात. पहिला सर्वांत मोठा. त्यास रोमंथिका म्हणतात. मोठ्या गाईच्या या कप्प्यांत १०० लिटरांहून अधिक ऐवज मावतो. दुसरा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा जाळीदार, तिसरा पोथीच्या पानांसारख्या पडद्यांचा, व चौथा मात्र आपल्या जठरासारखा आम्लाचा. खाटकाकडे वजडी म्हणून जी मिळते, ती शेळ्याबकऱ्यांच्या अशाच पोटाची होय.

खरी मौज पहिल्या कप्प्यांत आहे. तेथें गाईचा स्वतःचा पाचक रस मुळींच नसतो. डोळ्यांस न दिसणारे कोट्यवधि सूक्ष्म जीव तेथें नांदतात व तेच कडबा, गवत आंबवून त्याचें पचन करितात. त्यांतील कांहीं जीव १८४३ सालीं फ्रान्समध्यें ग्रुबी व देलाफों या दोघांनीं प्रथम सूक्ष्मदर्शक यंत्रांतून पाहिले. चारा आंबून जीं सौम्य आम्लें तयार होतात, त्यांवरच गाईचें बहुतांश बळ अवलंबून असतें. पुढें हे जीव चाऱ्याबरोबर चौथ्या कप्प्यांत येऊन स्वतःच पचतात व गाईस प्रथिनें पुरवितात. थोडक्यांत, आपण गाईला चारा घालितों असें म्हणतों. वास्तविक आपण त्या जीवांना चारा घालितों, व ते गाईला पोसतात.

रवंथ कां, हेंहि यावरून उमगतें. गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करिते व १०० लिटरांहून अधिक लाळ गिळते. या लाळेंत सोड्यासारखा क्षार असतो. तो पोटांतील आम्ल आटोक्यांत ठेवितो. आंबण्यानें झालेला वायु ढेकरांवाटे बाहेर पडतो. रवंथ थांबला कीं लाळ कमी होते, व ढेकर अडला कीं पोट फुगतें.

आमच्या गाईचें काय झालें तें आतां ध्यानांत येईल. भात व साखर हें जलद आंबणारें अन्न. तें एकदम पोटांत पडतांच साखरखाऊ जीव बेसुमार वाढले व दह्यांत असतें तें आम्ल अतोनात तयार झालें. त्यांत चारा पचविणारे जीव मेले, पोटाची हालचाल थांबली, शरीरांतील पाणी पोटांत ओढलें गेलें, आणि आम्ल रक्तांत उतरलें. ज्या घासावर माणूस तृप्त होतो, त्याच घासानें गाय मेली.

यावरून चार गोष्टी संभाळाव्या. पहिली, चारा वा खुराक एकाएकीं बदलूं नये. दहा ते चौदा दिवसांत थोडा थोडा बदलावा, म्हणजे पोटांतील जीवांस संवय होते. दुसरी, पंगतीचें उरलेलें अन्न, भिजलेलें धान्य व पीठ जनावरांच्या तोंडीं लागूं देऊं नये. तिसरी, कुकडी व घोड यांच्या पाण्यावर जुन्नर-आंबेगांवांत हिरवा चारा मुबलक होतो. परंतु कोंवळा, ओला लसूणघास उपाशी जनावरास घातल्यास पोटांत फेस होऊन वायु अडतो. आधीं कोरडा कडबा, मग घास. चौथी, मंचर-नारायणगांवच्या बाजारीं भाव कोसळला म्हणजे कांद्याचे ढीग गुरांपुढें रिचविण्याचा मोह होतो. फार कांदा खाल्ल्यानें गुरांच्या रक्तांतील तांबड्या पेशी फुटतात व लघवी तांबूस-काळसर होते. सडलेला तर मुळींच घालूं नये.

डावी कूस फुगली, रवंथ थांबला, कीं तासाचाहि विलंब न लावतां पशुवैद्यास बोलवावें. जनावराचें तोंड वर ओढून तेल किंवा काढा घाईनें ओतूं नये. तो फुप्फुसांत जाऊन दुसरेंच संकट ओढवतें.

रोज सायंकाळीं गोठ्यांत जाऊन गाय रवंथ करिते कीं नाहीं एवढें पाहण्यास खर्च कांहीं नाहीं. आम्हीं तें शिकलों, पण एक गाय गेल्यावर. वाचकांनीं हें कागदावरून शिकावें, एवढीच आमची विनंति आहे.